दांडीची मेगिला आणि जाळ्यावरचा बावटा

मला दुसऱ्याच्या चुका काढायची खोड आहे. एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवल्यावर दुसरं काय होणार? लग्नपत्रिका हातात आली की मी आधी शुद्धलेखन बघते, मग मुलीचं नाव. गेल्या फाल्गुनात रिव्का मला तिच्या माहेरी दांडीला चल म्हणाली, तीही याच खोडीपायी. तिला नुसती सोबत नको होती, चुका काढणारं माणूस हवं होतं.

रिव्का आणि मी मिरजेच्या एकाच शाळेत होतो. ती गणित शिकवायची. ती बेने इस्राएल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेल्या आणि घरात मराठीच बोलणाऱ्या ज्यूंपैकी. तिचे वडील शालोमकाका पोस्टमास्तर होते. निवृत्त झाल्यापासून ते पालघरजवळच्या दांडी या मच्छीमारांच्या गावात, आपल्या वडिलार्जित घरात राहतात. त्या घरात एक मेगिला आहे. मेगिला म्हणजे कातड्यावर हाताने लिहिलेली गुंडाळी. तीत एस्तेर राणीची गोष्ट आहे, आणि पुरीमच्या सणाला ती संध्याकाळी एकदा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्याने वाचायची असते. ऐकणाऱ्याच्या कानावरून एकही शब्द निसटता कामा नये. शालोमकाका चौदाव्या वर्षापासून ती वाचत आले. आता ते ऐंशीचे आहेत. दिवाळीच्या सुमारास त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला.

शहरातल्या एका सिनेगॉगने ती गुंडाळी मागितली होती. काकांनी होकार कळवून टाकला: पुरीमच्या दुपारी या आणि घेऊन जा. वाचणारा नसेल तर ठेवून काय करायची, वाळवीला घालायची, असं त्यांनी रिव्काला पत्रात लिहिलं. रिव्काने उलट टपाली कळवलं, मी वाचते. बाईने वाचलेलं चालतं का, यावर बराच खल झाला. शेवटी एका जाणकारांनी फोनवर सांगितलं की वाचणारं दुसरं कुणी नसेल तर मुलीने वाचावं. मग काकांनी अट घातली. एकही चूक दुरुस्त केल्यावाचून पुढे जायचं नाही. एक जरी तशीच राहिली तरी गुंडाळी शहरात जाईल.

रिव्काने चार महिने तयारी केली. मूळ गुंडाळी हिब्रूत, तीत स्वरचिन्हं नाहीत, विरामचिन्हं नाहीत, नुसती अक्षरांची रांग. उच्चार आणि चाल पाठच लागते. तिने सगळं देवनागरीत उतरवून घेतलं होतं. ते कागद हातात धरून मी रोज संध्याकाळी तिच्यासमोर बसायची. अर्थ काही कळत नव्हता, पण चूक कळायची. अर्थ न कळता चूक काढणं हा प्रकार मला फारच आवडला.

बोईसर ते दांडी

बोईसर स्टेशनबाहेर कारखान्यांची पाळी सुटली होती. चारी बाजूंनी हिंदी, आणि हवेत औषधाच्या दुकानासारखा वास. रिक्षावाल्याने आमच्याकडे दोन बॅगा आणि एक नारळ बघून विचारलं, "मौसी, मंदिर जाना है?" रिव्का म्हणाली, "घर जाना है." नवापूरच्या बाजूला वळल्यावर वासाने पक्ष बदलला. औषध मागे पडलं आणि सुकत घातलेले बोंबील पुढे आले. मला मासळीची सवय नाही. मी पदर नाकाला लावला आणि रिव्काने तो ओढून खाली केला. "जमनाबायच्या देखत असलं काही करू नकोस," ती म्हणाली.

जमनाबाय म्हणजे काकांची शेजारीण. स्वतःची होडी आहे, मुलं समुद्रावर जातात आणि ती मासळी विकते. माहेर एडवणचं, पण दांडीत येऊन पन्नास वर्षं झाली. आम्ही रिक्षातून उतरतोय तोच ती टोपली घेऊन पुढे आली.

"आली गं बाय? बापाला सांग, घोळ ठेवलाय. खवल्याचा हाय."

ज्यूंना खवले आणि पर असलेलीच मासळी चालते. कोळंबी नाही, चिंबोरी नाही, मुशी नाही. हे नियम जमनाबायला काकांइतकेच पाठ आहेत. होडी किनाऱ्याला लागली की ती त्यांचा वाटा आधी बाजूला काढते. आमच्या आळीत बावीस वर्षं शेजारी राहणाऱ्या बाईला मी चतुर्थी करते हे अजून ठाऊक नाही. मी मुकाट्याने पदर नीट केला.

शालोमकाका दारात उभे होते. उंच, वाळके, गळ्याला पांढरा रुमाल गुंडाळलेला, हातात काठी, काखेत पाटी. मुलीच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला. मला नमस्कार केला आणि पाटीवर लिहिलं, "चहा घ्या. मग वाचून दाखवा." अक्षर पोस्टाच्या पावतीवर असावं तसं टपोरं होतं.

चहानंतर त्यांनी लाकडी नळकांड्यातून गुंडाळी काढली. मी जन्मात असं काही पाहिलं नव्हतं. कातडं मधाच्या रंगाचं झालेलं, शाई जागोजाग तपकिरी पडलेली, पण ओळी अशा सरळ की माझ्या एकाही विद्यार्थ्याला त्या कधी साधल्या नसत्या. सणाच्या दिवशी ती पूर्ण उलगडून पत्रासारखी घडीवर घडी घालतात आणि मग वाचतात, कारण गोष्टीतच ते देशोदेशी पाठवलेलं पत्र आहे. जन्मभर पत्रं हाताळलेल्या माणसाच्या घरी ती असावी, हे मला फार योग्य वाटलं.

गोष्ट थोडक्यात सांगते. पारसच्या, म्हणजे इराणच्या, राजाची राणी एस्तेर ही ज्यू, पण दरबारात कुणाला ते माहीत नाही. हामान नावाचा प्रधान तिच्या सगळ्या जातभाईंना एका दिवसात मारायचा हुकूम काढतो. तिला लहानाची मोठी करणारा तिचा चुलतभाऊ मर्दखय तिला निरोप धाडतो, आता गप्प बसू नकोस. बोलावल्याशिवाय राजासमोर गेलं तर मरण, तरी ती जाते आणि बोलते. हामान फासावर जातो, त्याचे दहा मुलगेही मरतात, लोक वाचतात. या सबंध पोथीत देवाचं नाव एकदाही येत नाही. हे कळल्यावर मी रिव्काला दोनदा विचारून खात्री करून घेतली. आमच्याकडे पहिल्या पानावरच पाच देवांना वंदन झाल्याशिवाय गोष्ट हलत नाही.

उपासाचा दिवस

पुरीमच्या आदल्या दिवशी एस्तेरचा उपास असतो. मीही करते म्हणाले. माझ्या डोळ्यांसमोर साबुदाण्याची खिचडी, रताळी, वरीचे तांदूळ. त्यांच्या उपासात पाणीसुद्धा नाही, हे मला सकाळी कळलं. अकरा वाजता मी समुद्र बघून येते म्हणून निघाले आणि नाक्यावर दोन वडापाव खाल्ले. परत आल्यावर काकांनी पाटीवर लिहिलं, "समुद्र तिखट होता का?" माझ्या ओठाला चटणी लागली होती.

बहुतेक वर्षांप्रमाणे त्या वर्षीही पुरीमची संध्याकाळ आणि गावची होळी एकाच दिवशी आली होती. दोन्ही घरांत पुरणपोळी. बेने इस्राएल पुरीमला पुरणपोळी करतात, आणि शेजाऱ्यांना ताटं पाठवायची ही सणाची आज्ञाच आहे. त्यामुळे दुपारी रिव्काने जमनाबायकडे पुरणपोळीचं ताट दिलं आणि जमनाबायने त्याच ताटातून आपल्या पुरणपोळ्या परत पाठवल्या. दोघींनाही यात काही वावगं वाटलं नाही.

मला काळजी होती होळीच्या गोंगाटाची. मी जमनाबायला विचारलं, तर तीच माझ्यावर डाफरली. "दरसाल का सांगाया लागतं? तुमचा वाचन झाल्याबिगर आमची होळी पेटत नाय. काका दारात येऊन हात करतात, मग आमी काडी लावतू."

दिवेलागणीला लोक जमले. बेटेगावहून दोन कुटुंबं, पालघरहून एक, घरची माणसं धरून नऊ ज्यू. शिवाय जमनाबाय आणि तिच्या आळीतली डझनभर मुलं, प्रत्येकाच्या हातात पत्र्याचा डबा. वाचताना हामानचं नाव आलं की ते ऐकू येऊ नये म्हणून डबे बडवायचे, अशी रीत आहे. त्या मुलांना हिब्रूचं अक्षर कळत नाही, पण हामान कुठे येतो हे ती अचूक ओळखतात. त्यांच्या आयाही याच ओसरीवर डबे बडवून मोठ्या झाल्या आहेत.

रिव्का उभी राहिली. दिवसभर पाण्याचा घोट नाही, ओठ कोरडे. काका समोर खुर्चीत, मांडीवर छापील पुस्तक, हातात काठी. चूक झाली की काठी जमिनीवर आपटायची असं ठरलं होतं. पहिला अध्याय छान झाला. दुसऱ्यात तिने एक शब्द गाळला आणि काकांनी काठी आपटली. मुलांना वाटलं ही डबे वाजवायची खूण. एकदम असा कल्लोळ उठला की बेटेगावच्या आजींच्या हातातलं पुस्तक पडलं. रिव्का मागे गेली, शब्द घेतला आणि पुढे निघाली. पुन्हा चूक, पुन्हा काठी, पुन्हा डबे. तिसऱ्या वेळी तिला कुठून सुरुवात करायची तेच सुचेना. हसणारे हसत होते, रिव्का रडकुंडीला आली होती, आणि काका रागाने लाल झाले होते. ओरडायलाही त्यांच्याजवळ आवाज नव्हता.

जमनाबाय उठली आणि घरी गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात हातभर बांबूच्या काठीला बांधलेला लाल फडक्याचा बावटा होता. समुद्रात सोडलेलं जाळं कुठे आहे ते कळावं म्हणून तरंगत्या बोयऱ्याला असा बावटा लावतात.

"काका, काठी ठेवा. चूक झाली का हा वर करा. आवाज नाय, काय नाय."

"पण माझं लक्ष अक्षरांवर असणार," रिव्का म्हणाली. "मला बावटा दिसायचा कसा?"

काकांनी बावट्याने माझ्याकडे बोट दाखवावं तसं दाखवलं. मी रिव्काशेजारी उभं राहायचं, बावटा वर झाला की तिच्या कोपराला हात लावायचा. परक्या माणसाला असं काम मिळेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मला अभिमान वाटला, हे कबूल करते.

त्यानंतर वाचन सुरळीत झालं. बावटा सात वेळा वर झाला, मी सात वेळा हात लावला, सात चुका दुरुस्त झाल्या. मग नवव्या अध्यायात हामानच्या दहा मुलांची नावं आली. ती दहाच्या दहा एका श्वासात वाचायची असतात. उपाशी रिव्काचा श्वास सातव्या नावाला तुटला. बावटा वर. तिने पुन्हा पहिल्यापासून घेतलं, आठव्याला तुटला. बावटा वर. तिसऱ्यांदाही आठव्यालाच. तिने टेबलाची कड घट्ट धरली होती. बावटा वर झालेला मी पाहिला. माझा हात तिच्या कोपरापर्यंत गेला, आणि मी तो परत घेतला.

रिव्का पुढे वाचत गेली आणि मेगिला संपली. काका दारात गेले, त्यांनी हात केला, किनाऱ्यावर होळी पेटली आणि बोंब उठली. लोक उपास सोडायला बसले. काकांनी मला ओसरीच्या कोपऱ्यात बोलावलं आणि पाटी पुढे केली. "तुम्ही पाहिलंत."

"पाहिलं," मी म्हटलं. "काका, तिच्यात त्राण उरलं नव्हतं."

त्यांनी पाटी पुसून सावकाश लिहिलं. "एका श्वासात वाचणं हा रिवाज आहे, हुकूम नाही. तुटला असता तर चाललं असतं. पण तुम्ही लपवलंत. उद्या मी नसताना चूक झाली तर ती कुणी सांगेल, हे मी कशावरून धरू?"

आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या चुका वेशीवर टांगल्या आणि जिथे सांगणं हेच माझं काम होतं तिथे नेमकी गप्प बसले. त्यांनी खाली आणखी एक ओळ लिहिली. "उद्या सकाळचं वाचन होऊ द्या. दुपारी ते लोक येतील. घेऊन जाऊ देत."

पुरीमची सकाळ

रिव्काला मी पहाटेच सगळं सांगितलं. ती विहिरीवर तोंड धूत होती. "मला कळलं होतं," ती म्हणाली. "तुझा हात आला आणि गेला. मीही गप्प बसले की. तू एकटीच चोर नाहीस." मग तोंड पुसत म्हणाली, "आज मात्र सांग. मी पडले तरी सांग."

आठ वाजता पुन्हा सगळे जमले. ओसरीवर होळीची राख उडून आली होती आणि समोर सुकत घातलेल्या बोंबलांवर कावळे टपले होते. आज उपास नव्हता. रिव्काने चहा घेतला होता आणि आवाज मोकळा होता. माझे डोळे बावट्यावर खिळलेले. पहिला अध्याय झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. हामान आला की डबे वाजत, थांबत, आणि रिव्का पुढे जाई. बावटा हलला नाही. पाचव्या अध्यायात ती अडखळल्यासारखी वाटली. मी काकांकडे पाहिलं. बावटा मांडीवर आडवा पडलेला, पुस्तक मिटलेलं, आणि काकांचे डोळे बंद.

मला वाटलं झोप लागली. मग दुसरीच भीती वाटली, ऐंशीचं वय, घशाचं दुखणं. पण रुमालाखाली श्वास चाललेला दिसत होता. आता काय करायचं? खूणच नाही तर मी सांगू काय?

दहा नावं आली. रिव्काने छाती भरून घेतली आणि सुरू केलं. घरी कागद धरून बसताना ती नावं मलाही पाठ झाली होती. मी मनात मोजत होते. नववं आलं आणि तिथे श्वास तुटला, अगदी थोडा, केसभर. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं. बावटा मांडीवरच होता.

मी तिच्या कोपराला हात लावला.

रिव्का थांबली. सगळे आमच्याकडे बघू लागले. शांतता पडली तसे काकांनी डोळे उघडले. ते ओले होते. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, तो अजून तिच्या कोपरावरच होता. मग त्यांनी रिव्काला मान हलवून खूण केली, घे पुन्हा. तिने पुन्हा घेतलं आणि या वेळी दहाही नावं एका दमात पार झाली. जमनाबायने सुटकेचा असा मोठा उसासा टाकला की मुलांना तीच खूण वाटली आणि डबे वाजले.

वाचन संपल्यावर रिव्का वडिलांच्या पायाशी बसली. "बाबा, बावटा का नाही धरलात? इतक्या चुका झाल्या का, की मोजणं सोडून दिलंत?"

काकांनी बराच वेळ लिहिलं. पाटी तिच्या हातात दिली, आणि तिने वाचून झाल्यावर माझ्याकडे दिली. "चौदाव्या वर्षी माझे वडील गेले. तेव्हापासून मी वाचतो आहे. वाचणाऱ्याला ऐकता येत नाही, तो चुका टाळत असतो. काल चुका धरत होतो. आज पुस्तक मिटलं. वडील गेल्यानंतर मेगिला आज ऐकली."

रिव्काने डोकं त्यांच्या गुडघ्यावर टेकलं. मी बोंबलांवरच्या कावळ्यांना हाकलायला बाहेर गेले. जमनाबाय म्हणाली, "त्यांना काय हाकलतेस, त्यांचा वाटा ठेवलेला हाय."

दुपारी शहरातले दोन गृहस्थ गाडीतून आले. भली माणसं होती. त्यांनी गुंडाळीसाठी मखमली पिशवी शिवून आणली होती. काकांनी त्यांना आधी पुरणपोळी वाढली, नारळाच्या दुधासोबत. जेवण झाल्यावर त्यांपैकी वयाने मोठे होते त्यांनी हळूच विषय काढला. काकांनी पाटी घेतली, लिहिलं आणि त्यांच्यापुढे ठेवली.

"वाचणारी घरात आहे."

त्यांनी पाटी वाचली, रिव्काकडे पाहिलं, आणि अदबीनेच विचारलं, "आनंद आहे काका. पण काना ना मात्रा असं लिखाण हे. चूक झाली तर?"

काकांनी पाटी परत ओढून घेतली. पहिली ओळ पुसली नाही. तिच्याच खाली दुसरी लिहिली आणि ती त्यांच्याकडे न वळवता माझ्याकडे वळवली.

"सांगणारीही आहे."

मला रडू आवरेना. मी उष्टी ताटं उचलली आणि मोरीवर जाऊन घासत बसले. परत आले तेव्हा मखमली पिशवी टेबलावर रिकामीच होती आणि काका मेगिला गुंडाळत होते. ती नळकांड्यात गेल्यावर त्यांनी जमनाबायचा लाल बावटा उचलला, काठीभोवती फडकं नीट गुंडाळलं, आणि तोही आत सरकवून झाकण लावलं.